इंग्रजी खेड्यांतील पांथशाळा आणि तिचे पाहुणे

'पब' हा शब्द मराठी कानांवर पडला कीं डोळ्यांपुढें पहिल्यानें उभा राहतो तो गुत्ता: अंधारी खोली, उग्र दर्प, आणि ओळखीच्या माणसांची नजर चुकवून आंत शिरणारे लोक. इंग्लंडमधील खेड्यांत या नांवानें जें घर ओळखलें जातें, त्याचें चित्र अगदीं निराळें आहे. तें बहुधा चर्चजवळ किंवा गांवच्या सार्वजनिक हिरवळीच्या कडेला असतें. दारावर सिंह, हरिण, मुकुट, नांगर असें कांहींतरी रंगविलेली पाटी टांगलेली असते; कारण ज्या काळीं बहुतेक वाटसरूंना अक्षरओळख नव्हती, त्या काळीं चित्र हीच घराची ओळख होती. आंत शेतकरी बसतो, शाळामास्तर बसतो, क्वचित् गांवचा पाद्रीहि बसतो. रविवारीं दुपारीं आजी-नातवंडांसह सबंध कुटुंबें जेवावयास येतात. माडीवर चार-सहा खोल्या असल्या तर रात्रीचा मुक्कामहि करतां येतो. तेथें मद्यपान होतें हें खरें, आणि त्याचा अतिरेकहि होतो. पण पिणें हा त्या घराच्या कामाचा एक भाग आहे, सारें काम नव्हे.

या घरांचीं मूळ कुळें दोन. एक 'एलहाउस', म्हणजे गांवकऱ्यांना बीअर विकणारें घर. १५५२ च्या कायद्यानें त्याला स्थानिक मॅजिस्ट्रेटांचा परवाना लागूं लागला. दुसरें कूळ 'इन'चें. ही वाटसरूंची पांथशाळा. येथें त्याला खाणें, बिछाना आणि त्याच्या घोड्याला तबेला मिळे. इंग्रजी रूढ कायदा पांथशाळेच्या मालकाला फार मोकळीक देत नाहीं. जागा शिल्लक असतां, पैसे देण्यास तयार असलेल्या व नीट वागणाऱ्या कोणत्याहि प्रवाशाला त्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं. पाहुण्याच्या सामानसुमानाची जबाबदारीहि त्याच्याच माथीं, आणि ती १५८४ च्या एका प्रसिद्ध निकालांत स्पष्ट केली गेली. एलहाउसवाल्यावर मात्र गिऱ्हाइकाला आंत घेण्याचें असें बंधन नव्हतें. पुढें दोन्ही कुळें एकमेकांत मिसळलीं आणि 'पब्लिक हाउस', किंवा त्याचा संक्षेप 'पब', हेंच नांव सर्रास चालूं लागलें. नांवें मिसळलीं तरी कायद्यांतला भेद राहिला. तो ऐकावयास रुक्ष आहे. परंतु दारांत उभ्या राहिलेल्या पाहुण्याचें पुढें काय होणार, हें पुष्कळ वेळां त्याच्यावरच ठरलें.

सतराव्या शतकांतील पाहुण्याचा अनुभव पाहावयाचा असेल तर सॅम्युएल पीप्सची रोजनिशी उघडावी. पीप्स हा आरमार खात्यांतला वजनदार अधिकारी. १६६० ते १६६९ अशीं नऊ वर्षें त्यानें लघुलिपींत रोजनिशी लिहिली, आणि ती पहिल्यानें छापून निघाली १८२५ सालीं. १६६८ च्या जून महिन्यांत तो बायको, तिची तरुण दासी, ओळखीच्या घरची एक मुलगी आणि दोन पुरुष सोबती यांना घेऊन पश्चिमेकडे सहलीला निघाला. सॉल्सबरी येथें मंडळी 'जॉर्ज' नांवाच्या पांथशाळेंत उतरली. बिछाना रेशमी, जेवण उत्तम. दुसऱ्या दिवशीं भाड्याच्या घोड्यांवर बसून सर्वजण स्टोनहेंजचे प्रचंड पाषाण पाहून आले. परत आल्यावर बिल हातीं पडलें: दोन पौंड, पांच शिलिंग, सहा पेन्स. घोड्यांचा आकार डोळे पांढरे करणारा, आणि नुसत्या पाव-बीअरचे साडेसात शिलिंग! पीप्सच्या अंगाचा तिळपापड झाला. मालकिणीला या प्रकाराबद्दल सतावून सोडावयाचें आणि तिच्याकडून कांहीं काढून तें गोरगरिबांना द्यावयाचें, असा निश्चय करून तो त्याच तिरीमिरींत निघाला. रेशमी बिछान्याचें सुख एका कागदाच्या कपट्यानें कसें उतरतें, हें प्रवास केलेल्या कोणत्याहि गृहस्थाला निराळें सांगावयास नको.

त्याच संध्याकाळीं त्यांची वाट चुकली. सॉल्सबरीचें पठार ओसाड, दिवा नाहीं, झाड नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास मोठ्या मुष्किलीनें मंडळी एका लहानशा पांथशाळेशीं येऊन पोंचली. तेथें जी खोली देण्याजोगी होती, तींत एक फेरीवाला अगोदरच झोंपला होता. त्याला उठविण्यांत आलें, आणि पीप्स नवराबायको त्या खोलींत निजलीं. मोठ्या खाटेखालून ओढून काढावयाची जी ठेंगणी चाकांची खाट असे, तिच्यावर त्या दोन मुली निजल्या. (उठविलेल्या फेरीवाल्यानें उरलेली रात्र कोठें काढली, याविषयीं पीप्सनें एक अक्षर लिहिलेलें नाहीं.) मालक समंजस आणि बोलका निघाला. लोकर, धान्य, त्या मुलखाचे व्यवहार अशा गोष्टी त्यानें जेवतांना सांगितल्या. ब्रिस्टल येथें बांधलेल्या नव्या जहाजावर सगळे खलाशी बायकोच्या धाकांत राहणारे नवरेच भरावेत, अशी त्या भागांत एक थट्टा चालूं होती, ती सांगून त्यानें सर्वांना पोट धरून हंसविलें. सकाळीं उठून पाहतात तों गाद्या चांगल्या, पण त्यांत उवा! आदल्या दिवशीं साडेसात शिलिंगांसाठीं संतापलेला हाच गृहस्थ उवा पाहून मात्र बायकापोरींसह हंसत सुटला. रात्रीं दहा वाजतां उघडलेलें दार आणि टेबलावरची चार शब्दांची मोकळी वागणूक यांनीं उवांचें बिल आधींच चुकतें करून टाकलें होतें.

यानंतर शंभर वर्षांनीं इंग्रजी पांथशाळेचा सुवर्णकाळ आला. रस्ते सुधारले, टपालाच्या व प्रवासी घोडागाड्या वेळापत्रकानें धांवूं लागल्या, आणि घोडे बदलण्याच्या टप्प्याटप्प्यावर ऐसपैस पांथशाळा उभ्या राहिल्या. १७७६ च्या मार्च महिन्यांत डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉस्वेल हे ऑक्सफर्डहून बर्मिंगहॅमच्या वाटेवर 'चॅपेल हाउस' नांवाच्या पांथशाळेंत जेवले, आणि जेवण पोटांत गेल्यावर डॉक्टरसाहेबांनीं पांथशाळेचें एक स्तोत्रच गाइलें. त्यांचा मुद्दा मोठा मार्मिक होता. दुसऱ्याच्या घरीं पाहुणचार कितीहि थाटाचा असला तरी तेथें एक अवघडलेपणा असतोच. यजमानाला पाहुण्याची काळजी, पाहुण्याला यजमानाच्या मर्जीची काळजी. पांथशाळेंत ही काळजी नाहीं. तेथें जितकीं अधिक फर्मानें सोडावींत, जितका अधिक त्रास द्यावा, तितकें स्वागत अधिक. कारण हुजऱ्याची नजर बक्षिसावर असते. मनुष्यानें आजवर जीं सुखाचीं साधनें निर्माण केलीं त्यांत चांगल्या पांथशाळेएवढें सुख देणारें दुसरें नाहीं, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

यांत एक गोष्ट डॉक्टरसाहेब सांगावयास विसरले. ते स्वतः भाड्याच्या खासगी घोडागाडींतून आले होते.

सहाच वर्षांनीं, १७८२ सालीं, त्याच ऑक्सफर्डशायरमधून एक पंचविशींतला जर्मन तरुण चालत गेला. त्याचें नांव कार्ल फिलिप मॉरिट्झ. हा व्यासंगी मनुष्य. मिल्टनचें महाकाव्य बरोबर घेऊन रस्त्याच्या कडेला झुडपाच्या सावलींत वाचीत बसे. इंग्लंड पायीं पाहावें अशी त्याची हौस, आणि हीच त्याला महागांत पडली. कारण त्या काळीं तेथें पायीं चालणारा मनुष्य म्हणजे एक तर भिकारी, नाहीं तर भामटा, अशी पांथशाळावाल्यांची ठाम समजूत. विंडसर येथें त्याला तुरुंगाच्या कोठडीसारखी खोली दाखविण्यांत आली. याहून बरी मागतांच, मग माघारीं स्लाउ गांवीं जा, असें उत्तर मिळालें. दुसऱ्या एका घरीं रात्र निघाली ती एका झिंगलेल्या इसमाच्या संगतींत. तो मध्यरात्रीं अडखळत आला आणि बुटांसकट बिछान्यावर आडवा झाला. ज्या हुजऱ्यानें धड एक शब्द उच्चारला नव्हता, तोच सकाळीं जिन्यांत बक्षिसासाठीं हात पसरून उभा. मॉरिट्झनें त्याच्या हातावर दीड पेनी ठेवली. बदल्यांत सणसणीत शिवी मिळाली. दाराशीं मोलकरीण उभी होती, तिनें आपली आठवण ठेवण्याची विनंति केली. तिच्या उद्धटपणाची आठवण दीर्घकाळ राहील, असें सांगून तो कांहीं न देतां बाहेर पडला. परक्या देशांत, परक्या भाषेंत इतकें नेमकें उत्तर वेळेवर सुचणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

पुढें नेटलबेड नांवाच्या खेड्यांत त्याला आसरा मिळाला. आज रात्रीं येथें राहतां येईल काय, असें त्यानें भीत भीत विचारलें, आणि 'हो' हा साधा शब्द ऐकून त्याचा जीव भांड्यांत पडला. बसावयास जागा मिळाली ती स्वयंपाकघरांत, शिपाई व नोकरचाकर यांच्या मेळ्यांत. पण त्या स्वयंपाकघराचें त्यानें जें वर्णन केलें आहे, तें वाचून कोणालाहि भूक लागावी. चुलाण्याचा भाग लांकडी आडोशानें वेगळा केलेला, तेथें भाजणें-शिजविणें चाललेलें. भिंतींवरच्या फळ्यांवर कथलाचीं ताटें ओळीनें लावलेलीं. आणि आढ्याला साखरेच्या ढेपा, डुकराच्या मांसाच्या तंगड्या, गुंतवळ्यासारखीं सॉसेजें टांगलेलीं. फील्डिंगच्या कादंबऱ्यांत वाचलेलें स्वयंपाकघर हेंच, असें त्याला वाटलें. इतक्यांत दारांत एक घोडागाडी येऊन थांबली. सारें घर धांवलें! गाडींतल्या मंडळींनीं बीअरचे दोन पेले घेतले आणि वाट धरली. पण तेवढ्या वेळांत त्यांची जी सरबराई झाली, ती मुक्काम करून जेवणाऱ्या मॉरिट्झच्या वांट्याला आली नव्हती.

दुसरा दिवस रविवारचा. मॉरिट्झनें बोचक्यांतला स्वच्छ सदरा काढून घातला आणि तो खालीं आला. आतां त्याला स्वयंपाकघरांत न नेतां दिवाणखान्यांत नेण्यांत आलें, आणि जो रात्रीं 'मास्टर' होता, म्हणजे शेतकऱ्या-कामकऱ्यांना लावावयाच्या संबोधनाचा धनी, तो सकाळीं 'सर' झाला. मनुष्य तोच, पैसे तेच; बदलला फक्त सदरा. त्याच प्रवासांत पुढें न्यूनम येथें त्याला खाट नाहीं, जेवणहि नाहीं असें सांगण्यांत आलें. खाटेचे पूर्ण पैसे देतों, नुसत्या बाकावर पडूं द्या, ही विनवणीहि फुकट गेली, आणि तो काळोखांत ऑक्सफर्डच्या रस्त्याला लागला.

मग कायद्याचें काय? कायदा होता, परंतु परदेशी पांथस्थानें न्यूनमच्या काळोखांत कोणत्या न्यायाधीशाचें दार ठोठवावें? तो कायदा कसोटीला लागला १८३५ सालीं, आणि तोहि घोड्यावरून आलेल्या गृहस्थामुळें. रविवारीं, मध्यरात्रीच्या सुमारास, एका प्रवाशानें पांथशाळेचें दार ठोठावलें. घरची माणसें निजलीं होतीं, प्रवाशानें नांव सांगण्याचें नाकारलें, आणि मालकानें दार उघडण्याचें नाकारलें. खटला झाला. न्यायमूर्ति कोलरिज यांनीं सांगितलें, कीं रविवार आहे, रात्र झाली आहे, घर निजलें आहे, पाहुणा नांव सांगत नाहीं, यांतली एकहि सबब चालणार नाहीं. दारू पिऊन आलेल्याला किंवा असभ्य वागणाऱ्याला मात्र नाकारतां येईल. मालक दोषी ठरला. आपल्याकडे धर्मशाळेचें दार धर्मबुद्धीनें उघडें राहत असे, पण तेथेंहि कोणाला ओसरी आणि कोणाला अंगणहि नाहीं, याचे अलिखित नियम होतेच. इंग्रजांनीं नियम लिहून ठेवला, तरी पळवाट उरलीच: दार उघडलें तरी कोणत्या खोलींत बसवावयाचें, हें मालकाच्या हातीं राहिलें.

१८३० सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हमरस्ते ओस पडले. जेथें दिवसाला अनेक गाड्यांचे घोडे बदलत, तेथील तबेल्यांत कोंबड्या फिरूं लागल्या. खेड्यांतल्या पांथशाळेला पुन्हा पाहुणा मिळवून दिला तो सायकलनें. १८७८ सालीं सायकलवरून सहली करणारांचा एक संघ निघाला. या संघानें गांवोगांवच्या पांथशाळांशीं दर ठरविले आणि पसंत केलेल्या घरांवर पंख असलेल्या चाकाची ओतीव लोखंडी पाटी लावली. यांतल्या कांहीं पाट्या आजहि जुन्या भिंतींवर दिसतात. आणि सायकलीबरोबरच दारांत एक नवा पाहुणा आला: एकटीदुकटी हिंडणारी स्त्री.

१८९८ सालच्या ऑक्टोबरांत लेडी हार्बर्टन या सरे परगण्यांतील ऑकम येथील एका हॉटेलांत सायकलवरून आल्या. स्त्रियांच्या वेषसुधारणेच्या चळवळीच्या त्या पुढारी. अंगांत लांब कोट, आणि झग्याऐवजीं गुडघ्यांपर्यंतची सैल विजार. मालकिणीनें त्यांना भोजनाच्या खोलींत बसूं दिलें नाहीं. अशा वेषांत जेवावयाचें तर दारूच्या बैठकीशेजारच्या खोलींत जेवा, असें सांगितलें. त्या खोलींत पुरुषमंडळी आणि तंबाखूचा वास. बाई न जेवतां परतल्या, आणि सायकल-संघानें मालकिणीवर फौजदारी केली. १८९९ सालीं ज्यूरीनें मालकिणीला निर्दोष सोडलें. कारण तिनें जेवण नाकारलें नव्हतें, फक्त खोली बदलली होती. मॉरिट्झचा सदरा आणि लेडी हार्बर्टन यांची विजार यांत शतकाचें अंतर आहे, पण दिवाणखाना व स्वयंपाकघर यांमधली भिंत तीच.

या भिंती पुढेंहि बरींच वर्षें उभ्या होत्या, आणि त्यांना दरपत्रकाचा आधार होता. एकाच पबांत 'पब्लिक बार' आणि 'सलून बार' अशा दोन निराळ्या खोल्या, दोन निराळीं दारें. पब्लिक बारमध्यें उघडी लांकडी जमीन, बांके, बाण फेंकण्याचा 'डार्ट्स'चा फळा आणि कष्टकरी मंडळी. सलूनमध्यें गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि त्याच पिंपांतल्या त्याच बीअरला थोडी अधिक किंमत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या मधल्या भिंती बहुतेक ठिकाणीं पाडल्या गेल्या. तरी जुन्या दारांच्या कांचांवर कोरलेलीं तीं नांवें कोठें कोठें शिल्लक आहेत.

सर्वांत चिवट भिंत मात्र रंगाची होती. वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टन्टाइन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश श्रम-खात्यांत कल्याण-अधिकारी होते. १९४३ सालीं लॉर्ड्स मैदानावरील सामन्यासाठीं त्यांनीं लंडनमधल्या एका हॉटेलांत पत्नी व मुलगी यांच्यासह चार रात्रींची जागा ठरविली. रंगाची अडचण येणार नाहीं, असें आश्वासनहि मिळालें होतें. प्रत्यक्ष गेल्यावर मात्र एकच रात्र राहतां येईल असें सांगण्यांत आलें, कारण गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना तें खपणार नाहीं. कॉन्स्टन्टाइन यांनीं दावा लावला. त्यांच्या मदतीला आला तो पांथशाळेचा जुना रूढ कायदाच: प्रवासी आहे, पैसे देतो आहे, नीट वागतो आहे, तर त्याला नाकारण्याचा अधिकार नाहीं. १९४४ सालीं न्यायमूर्ति बर्केट यांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला आणि नुकसानभरपाई ठरविली पांच गिनी. रक्कम नांवापुरतीच, पण निकालाची चर्चा फार झाली.

येथेंच त्या दोन कुळांच्या भेदाची आठवण होते. रूढ कायदा 'इन'ला लागू. नुसत्या पबला नव्हे. म्हणून मुक्कामाचें दार कायद्यानें उघडतां आलें तरी बीअरच्या पेल्यासाठीं आलेल्या काळ्या माणसाला बाहेर जा म्हणण्यास पबवाला मोकळाच राहिला. १९६४ सालीं ब्रिस्टल शहरांत पॉल स्टीफन्सन यांना एका पबांत तसें सांगण्यांत आलें. ते जागचे हलले नाहींत, तेव्हां पोलिसांनीं त्यांनाच पकडलें. मॅजिस्ट्रेटनें खटला काढून टाकला. पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, वंशभेदविषयक पहिला कायदा झाला आणि हॉटेलें, उपाहारगृहें, पब या सार्वजनिक जागीं रंगावरून भेद करणें बेकायदा ठरलें. या कायद्यानंतर इंग्लंडमध्यें जाऊन राहिलेल्या मराठी माणसाला खेड्यांतल्या पबांत जो सहज प्रवेश मिळाला, त्याच्या मागें हा इतिहास आहे.

आतां जेवणाकडे वळावें. इंग्रजी पांथशाळेच्या जेवणाची कीर्ति पीप्सच्या काळीं चांगली होती. पहिल्या महायुद्धानंतर ती रसातळाला गेली होती. उकडून बेचव केलेल्या भाज्या, डब्यांतलें मांस, आणि ताटांत पडेल तें मुकाट्यानें खावें अशी मालकाची अपेक्षा. याविरुद्ध बंड केलें जॉन फॉदरगिल या विक्षिप्त गृहस्थानें. हा शिकलेला चित्रकलेंत; १९२२ सालीं त्यानें ऑक्सफर्डजवळच्या थेम गांवची 'स्प्रेड ईगल' ही जुनी पांथशाळा घेतली. लोणी, पाव, तेल, चीज जेथलें उत्तम तेथून मागवावयाचें, असा त्याचा बाणा. ऑक्सफर्डचे विद्यार्थी आणि लंडनचे लेखक मोटारी घेऊन जेवावयास येऊं लागले. पण गिऱ्हाइकाच्या पुढें झुकणें याला ठाऊक नव्हतें. मोटार थांबवून, कांहीं न घेतां केवळ शौचकूप वापरून जाणाऱ्या पांढरपेशा मंडळींवर तर तो तुटूनच पडे. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पांथशाळेच्या रोजनिशींत हीं भांडणें त्यानें चवीनें नोंदविलीं आहेत. पाहुण्यांनीं पांथशाळेविषयीं लिहिलेलें पुष्कळ आहे. यजमानानें पाहुण्यांविषयीं लिहावें, आणि तेंहि इतकें निर्भीडपणें, हा प्रकार विरळा. तें वाचल्यावर साडेसात शिलिंगांच्या बिलाला त्या सॉल्सबरीच्या मालकिणीचीहि कांहीं बाजू असेल, असें वाटूं लागतें.

आजच्या पबांतील जेवणांत एक गंमत आहे. पाव, चीज, कांदा आणि लोणचें या थाळीला 'नांगऱ्याची न्याहारी' अशा अर्थाचें नांव आहे. पदार्थ खरोखरच जुने. शेतकरी तेच बांधून नेत असे. पण तें नांव घरोघर पोंचविलें तें १९५० व १९६० च्या दशकांत चीज व दूध यांच्या व्यापारी मंडळांनीं, जाहिरातींच्या जोरावर. पाहुणा मोठ्या भक्तिभावानें जो प्राचीन इंग्लंडचा घांस तोंडांत घालतो, त्याचें बारसें असें अलीकडचें आहे. रविवारची दुपारची थाळी मात्र अस्सल: भाजलेलें मांस, भट्टींत खरपूस केलेले बटाटे, भाज्या, आणि पिठाची फुगवून भाजलेली वाटीसारखी 'यॉर्कशर पुडिंग', तिच्यांत ओतलेला दाट रस्सा. १९९१ सालीं लंडनच्या फॅरिंग्डन भागांतील एका पबनें उत्तम स्वयंपाकालाच अग्रस्थान दिलें, आणि ती लाट खेड्यांपर्यंत गेली. शाकाहारी पाहुण्यावर आतां उकडलेल्या बटाट्यांवर रात्र काढण्याची पाळी सहसा येत नाहीं.

नवख्या पाहुण्याची फजिती होते ती निराळ्याच कारणांनीं. तो टेबलाशीं बसून राहतो आणि कोणी विचारावयास येईल म्हणून वाट पाहतो. पुष्कळ पबांत कोणीच येत नाहीं, कारण फळीशीं जाऊन स्वतः सांगावयाचें आणि पैसे तेथेंच द्यावयाचे अशी रीत. फळीशीं रांग दिसत नाहीं, तरी कोण आधीं आला हें पेले भरणाऱ्याला पक्कें ठाऊक असतें. हात हलवून हांका मारणाऱ्याची पाळी मागेंच राहते. चौघे मिळून गेले तर एकानें चौघांचे पेले आणावयाचे, मग दुसऱ्यानें. आपल्यापुरतें आणून बसणारा मनुष्य कितीहि सज्जन असला तरी कंजूष ठरतो. आणि उशीर करून चालत नाहीं. १९१५ पासून, युद्धकाळच्या नियमांमुळें, पब दुपारीं बंद ठेवावे लागत. ही बंदी सुटली १९८८ सालीं. आतां वेळा सैल झाल्या आहेत, तरी खेड्यांतली चूल रात्रीं नऊच्या सुमारास विझते. साडेनवाला भिजून आलेल्या पाहुण्याला खोली मिळते, जेवण मिळेलच असें नाहीं.

खोली माडीवर. जिना अरुंद, तुळई इतकी खालीं कीं उंच माणसाचें कपाळ एकदां तरी तिच्यावर आपटतेंच, आणि जुन्या घरांत जमीन एका अंगाला कललेली. खालच्या गप्पा फळ्यांतून वर येत राहतात. शेवटच्या पेल्याची घंटा वाजली, कीं मग हळूहळू शांतता. २००७ सालापासून इंग्लंडमध्यें पबांत धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळें सकाळीं कपड्यांना तंबाखूचा वास येत नाहीं. खोलींत किटली, चहाच्या पुड्या आणि दोन बिस्किटें ठेवलेलीं असतात. चहा स्वतःच करून घ्यावयाचा. सकाळची न्याहारी इतकी भरगच्च, कीं दुपारचें जेवण सहज टळावें: अंडीं, बेकन, सॉसेज, तळलेली अळंबी व टोमॅटो, टोस्ट, मार्मलेड. आदल्या रात्रीं फळीमागें उभा असलेला मालकच कधीं कधीं डोळे चोळीत ताट घेऊन येतो.

हीं घरें आतां भराभर बंद पडत आहेत. दुकानांतली बीअर स्वस्त, घर चालविण्याचा खर्च मोठा, आणि जुन्या इमारतीला राहतें घर म्हणून चांगली किंमत येते. पब गेल्यावर खेड्याला काय कमी पडतें, हें नॉर्थ यॉर्कशरमधील हडस्वेल गांवानें अनुभवलें. तेथील 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २००८ सालीं बंद पडला. गांवकऱ्यांनीं सहकारी संस्था काढून, भाग विकून तो विकत घेतला आणि २०१० सालीं पुन्हा उघडला. तेथें लहानसें दुकान आहे, वाचनालय आहे, मागच्या जमिनींत गांवकऱ्यांचे भाजीचे वाफे आहेत. पिंपांतली पारंपरिक बीअर टिकावी म्हणून १९७१ पासून झगडणाऱ्या ग्राहकसंघानें २०१६ चा देशांतला सर्वोत्कृष्ट पब म्हणून याच घराची निवड केली.

सॉल्सबरीचा तो 'जॉर्ज' मात्र आतां पांथशाळा राहिलेला नाहीं. त्याच्या जुन्या इमारतीचा माडीचा भाग शिल्लक आहे, आणि त्याच्या खालून बाजारपेठेंत जाण्याचा रस्ता आहे. पिशव्या घेतलेले लोक रेशमी बिछान्याखालून दिवसभर ये-जा करतात. पठारावरच्या दुसऱ्या पांथशाळेचें, जेथें फेरीवाल्याला उठविलें आणि जेथें सर्वजण पोट धरून हंसले, नांव पीप्सनें लिहिलेलेंच नाहीं.